मोजून दिलेले पाणी : शेततळे, मीटर आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह यांविषयी

पाण्याचे नियमन यंत्राने आपोआप करावे ही कल्पना आपल्या प्रांताला नवी नाही. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या सांडव्यावर, पाणी ठरावीक पातळीच्या वर चढताच स्वतःच उघडणारी आणि ते उतरताच स्वतःच मिटणारी दारे बसविली, आणि धरणाची भिंत न वाढविता जलाशयाचा साठा वाढविला. त्या दारांपाशी रात्री-अपरात्री कोणी चावी फिरवीत उभे राहावे लागत नसे हे खरे. परंतु ती कोणत्या पातळीला उघडावीत आणि कोणत्या पातळीला मिटावीत हा निर्णय काही त्या दारांनी केलेला नव्हता. तो त्यांच्या रचनेत अगोदरच, गणित मांडून, घातलेला होता. आज आपला बागायतदार जेव्हा कंट्रोलर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि मोबाइलवरून चालणारा पंप खरेदी करतो, तेव्हा दारे येतात, पण पातळी ठरविण्याचे काम बहुधा राहून जाते. आणि मग यंत्र चोखपणे काम करीत असतानाच फेब्रुवारीच्या अखेरीस शेततळ्याचा तळ दिसू लागतो.

याचे कारण साधे आहे. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त कंट्रोलर मुळात घड्याळे आहेत. अमुक व्हॉल्व्ह सकाळी सहाला उघड आणि पाऊण तासाने बंद कर, एवढाच हुकूम त्यांना समजतो. आता त्या पाऊण तासात वीज मध्येच गेली, गाळणीत शेवाळ अडकून प्रवाह निम्म्यावर आला, अथवा लॅटरल, म्हणजे ड्रीपर बसविलेली नळी, तुटून पाणी बांधावरून वाहू लागले, तरी घड्याळाच्या दप्तरी नोंद एकच : पाऊण तास. वेळेचा हिशेब चोख आणि पाण्याचा हिशेब शून्य, अशी ही अवस्था. ज्याला पाण्याचा खर्च मर्यादेत ठेवावयाचा आहे त्याने, म्हणून, कंट्रोलरच्या आधी मीटर घ्यावा. आणि दोहोंपैकी एकच परवडत असेल तर निःशंकपणे मीटरच घ्यावा. या बाबतीत इस्राएलच्या इतिहासातील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : पाण्याच्या मोजमापाचा कायदा तेथे १९५५ साली झाला, पाण्याच्या मालकीचा व वाटपाचा कायदा १९५९ साली झाला, आणि ठिबकचे ड्रीपर बनविणारा पहिला कारखाना हात्झेरीम येथील किबुत्झमध्ये १९६५ साली निघाला. आपल्याकडे नळ्या आल्या, अनुदाने आली, मोबाइलही आला. मीटर तेवढा मागे राहिला.

तेव्हा आरंभ करावयाचा तो जमेच्या बाजूपासून. कल्पना करू की आपल्यापाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे, प्लॅस्टिकच्या कागदाचे अस्तर घातलेले शेततळे आहे, त्याचे उतार एकास एक आहेत, आणि डिसेंबरच्या प्रारंभी, रब्बी कांद्याच्या लागवडीच्या दिवशी, ते काठोकाठ भरलेले आहे. उतारांमुळे तळाशी ते २४ मीटर चौरस उरते, म्हणून २७ लाख लिटर हा वरवरचा गुणाकार येथे उपयोगाचा नाही. प्रत्यक्ष साठा सुमारे २२ लाख लिटर भरतो. त्यातही वरच्या एका मीटरात ८ लाख ४१ हजार, मधल्यात ७ लाख २९ हजार आणि तळच्या मीटरात अवघे ६ लाख २५ हजार लिटर असतात. निम्मी खोली उरली म्हणजे निम्मे पाणी उरले, असे मानणारा मनुष्य याच ठिकाणी फसतो. यास्तव तळ्याच्या उतारावर पट्टी रंगवावी, पण तिच्यावर फूट-इंच न लिहिता त्या त्या पातळीला शिल्लक राहणारे लिटर लिहावेत. एका दुपारचे काम आहे आणि ते हंगामभर पुरते.

या २२ लाखांतून पहिली वजावट सूर्याची. डिसेंबर ते मार्च या मुदतीत उघड्या पाण्यावरून दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर बाष्प होऊन जाते असे धरले, आणि तळे उतरत जाते म्हणून पृष्ठभाग सरासरी ७०० चौरस मीटर मानला, तर ११० दिवसांत पावणेचार लाखांहून अधिक, म्हणजे ३ लाख ८५ हजार लिटर पाणी एकही कांदा न पोसता आकाशात जाते. तळचे अर्धा फूट पाणी गाळामुळे पंपाला लागत नाही; ते सुमारे ९० हजार लिटर. उरले १७ लाख २० हजार. यातील दशांश राखीव म्हणून बाजूला काढावा आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कंट्रोलरला मुळीच देऊ नये. मग पिकासाठी खऱ्या अर्थाने मंजूर होते ते साडेपंधरा लाख लिटर.

आता खर्चाची बाजू. पिकाची गरज काढण्याची जगन्मान्य रीत अशी की, हवामानावरून निघणाऱ्या संदर्भीय बाष्पोत्सर्जनाला त्या पिकाच्या त्या अवस्थेतील गुणांकाने गुणावे. कांद्याचा हा गुणांक प्रारंभी ०.७ च्या आसपास, कांदा पोसण्याच्या काळात १.०५ आणि काढणीच्या सुमारास ०.७५ असा धरतात. पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात डिसेंबरची दैनिक सरासरी ३.८ मिलिमीटर, जानेवारीची ४.१, फेब्रुवारीची ५ आणि मार्चच्या आरंभीची ५.७ असा अदमास घेतला, व शेवटचे दहा दिवस पाणी तोडले, तर हंगामाची एकूण गरज ४१० मिलिमीटरच्या घरात जाते. ठिबकची कार्यक्षमता नव्वद टक्के मानली तर तळ्यातून ४५५ मिलिमीटर उचलावे लागतात. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. म्हणून एका गुंठ्याची हंगामाची मागणी ४६ हजार लिटर. साडेपंधरा लाखांना या आकड्याने भागले की उत्तर येते ३३ गुंठे. एक एकर नव्हे! तळे भरलेले पाहून जो एक एकर कांदा लावतो त्याने लागवडीच्याच दिवशी ७ गुंठ्यांची तूट पत्करलेली असते, आणि ती तूट कोणताही कंट्रोलर, मग तो कितीही किमतीचा असो, भरून काढू शकत नाही. वरील आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या तालुक्याच्या हवामान केंद्राचे किंवा कृषी विद्यापीठाचे आकडे घालून प्रत्येकाने हे गणित स्वतः करावे, परंतु करावे मात्र लागवडीपूर्वी.

३३ गुंठ्यांना लागणारे सुमारे सव्वापंधरा लाख लिटर हंगामभर सारखे वाटावयाचे नसतात. पहिल्या महिन्याला ३ लाख २० हजार, दुसऱ्याला ४ लाख ४० हजार, तिसऱ्याला ५ लाख ८० हजार आणि मार्चच्या पहिल्या दहा दिवसांना १ लाख ८० हजार, अशी तरतूद वरील गणितातूनच निघते. कंट्रोलरमध्ये भरावयाचे ते हे आकडे. फेब्रुवारीत रोजची मंजुरी १९ हजार ३०० लिटरांची, तर डिसेंबरात साडेदहा-अकरा हजारांचीच.

मीटरविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व व्यवहाराचा तोच साक्षीदार. तो गाळणीच्या पुढे बसवावा, मागे नव्हे. नाहीतर शेवाळ आणि शंखांची पिल्ले त्याचा पंखा अडवितात. त्याच्या अलीकडे पाइपाच्या व्यासाच्या दसपट आणि पलीकडे पाचपट लांबीचा सरळ, वळण नसलेला पाइप असावा, आणि त्या ठिकाणी पाइप नेहमी पूर्ण भरून वाहत असावा. घेताना ‘पल्स’ देणारा मीटर मागावा, म्हणजे दर १० किंवा १०० लिटरांमागे तो कंट्रोलरला एक विद्युत्‌संकेत पाठवितो. साधा, केवळ काटा फिरविणारा मीटर माणसाला उपयोगी, यंत्राला नव्हे. बसविल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. त्याच्यापुढून निघणारे सर्व पाणी २०० लिटरच्या पिंपात सोडून पिंप भरेपर्यंत मीटर किती पुढे सरकतो ते पाहावे, असे तीन वेळा करावे, आणि शंभरात पाचांहून अधिक तफावत आली तर विक्रेत्याकडे परत न्यावा.

मीटर एकंदर पाणी सांगतो. ते शेताच्या सर्व कोपऱ्यांना सारखे मिळते की नाही हे तो सांगत नाही. याकरिता एक मोजपात्र घेऊन सकाळच्या वेळी वाफ्यात उतरावे. ताशी २ लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत बरोबर १०० मिलिलिटर पाणी देतो. लॅटरलच्या आरंभी, मध्ये आणि शेवटच्या टोकाला, नळी किंचित उचलून, ड्रीपरखाली ते पात्र धरावे आणि घड्याळ लावावे. आरंभी ११०, मध्ये ९८ आणि टोकाला ६० अशी मापे आली, तर टोकाच्या रोपांना भागविण्यासाठी आरंभीच्या रोपांना जवळजवळ दुप्पट पाणी पाजावे लागेल, आणि अंदाजपत्रक तेथेच मोडेल. अशा वेळी टोकाचे बूच काढून नळ्या धुवाव्यात, क्षारांसाठी तज्ज्ञाच्या सल्ल्याने आम्लप्रक्रिया करावी, गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबांत अर्ध्या किलोहून अधिक फरक दिसत असेल तर ती उघडून साफ करावी. हे सारे निस्तरल्यावाचून स्वयंचलनाकडे वळणे म्हणजे गळक्या तिजोरीवर नवे कुलूप लावणे होय.

व्हॉल्व्ह निवडताना एका बारकाव्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह २४ व्होल्टच्या प्रवाहावर उघडा राहतो आणि प्रवाह तुटताच मिटतो. वीज गेली तरी पाणी जात नाही, हा त्याचा गुण. बॅटरीवर चालणारा ‘लॅचिंग’ प्रकारचा व्हॉल्व्ह मात्र एका क्षणिक संकेताने उघडतो, दुसऱ्या संकेताने मिटतो, आणि मधल्या काळात शेवटच्या हुकमाप्रमाणे तसाच राहतो. बॅटरी फार थोडी खातो म्हणून तो दूरच्या वावरात सोयीचा, परंतु उघडा असतानाच बॅटरी संपली तर मिटविणार कोण? तळे शेतापेक्षा उंचावर असून पाणी उताराने येत असेल तर हा धोका खराच मोठा. तेथे बॅटरी कमी होऊ लागताच आधी सर्व व्हॉल्व्ह मिटवून मगच झोपी जाणारा कंट्रोलर घ्यावा, किंवा सरळ साधा व्हॉल्व्ह घ्यावा. पंपाचा ऑटो-स्टार्टरही असाच तारतम्याने लावावा : वीज परत येताच गावातील सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार येतो व ते जळते, म्हणून पाच-दहा मिनिटांचा, आणि शेजाऱ्याहून वेगळा, विलंब त्यात ठेवावा. वीज आल्यावर यंत्राने पाळी पहिल्यापासून सुरू करता कामा नये; मीटरप्रमाणे जेवढे द्यावयाचे राहिले असेल तेवढेच द्यावे. वेळेची मर्यादाही असावी, पण ती केवळ रखवालीसाठी; जो व्हॉल्व्ह एरवी ५२ मिनिटांत आपला वाटा पुरा करतो तो ८० मिनिटे झाली तरी चालूच असेल, तर मीटर बिघडला किंवा प्रवाह खुंटला असे समजून यंत्राने थांबावे आणि मालकाला कळवावे.

प्रवाहावरील देखरेख हा स्वयंचलनाचा, माझ्या मते, सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. १६ गुंठ्यांच्या एका व्हॉल्व्हमधून निरोगी स्थितीत ताशी सुमारे ११ हजार लिटर जातात हे एकदा ठरले, की त्याहून पंधरा टक्के अधिक जाऊ लागताच नळी कुरतडली गेली, आणि तेवढेच कमी जाऊ लागताच गाळणी तुंबली, हे यंत्राने ओळखावे. सर्व व्हॉल्व्ह मिटलेले असता मीटर फिरत असेल तर कोठेतरी गळती आहे. पाण्याचा अपव्यय रोजच्या पाळीत थोडाथोडा होतो त्यापेक्षा एखाद्या रात्री, खारीने कुरतडलेल्या एका नळीतून, फार मोठा होतो.

आता मंजुरीचे नियम. आजच्या तरतुदीतून जे उरले ते उद्याच्या जमेस धरावे, परंतु उद्याचे आज उचलण्यास मर्यादा असावी. तीन दिवसांहून अधिक अग्रिम देऊ नये. महिन्याची रक्कम संपली तर पुढील महिन्यातून आपोआप घेण्याची मोकळीक यंत्राला नसावी. आणि हाताने व्हॉल्व्ह उघडण्याची सोय, जी बिघाडाच्या प्रसंगासाठी ठेवावीच लागते, तिला वहीची जोड असावी, कारण सर्व अंदाजपत्रके तेथूनच फुटतात. एका बागायतदाराच्या पंपघरात असाच प्रसंग मी पाहिला. पुतण्या धावत आला : “आबा, डब्यावर लाल दिवा लागलाय, पाणी बंद झालं. हातानं सोडू का?” आबांनी खिळ्याला टांगलेली वही दाखविली. “आधी लिही. कुणी सोडलं, कशापायी सोडलं, किती सोडलं. मग सोड.” पुतण्याने पेन हातात घेतले, थोडा विचार केला, आणि पाणी काही सोडले नाही. हाताने सोडलेले पाणीही मीटरमधूनच जावे, मीटरला वळसा घालणारा पाइप ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. पण ठेवलेला आढळतो खरा.

जमिनीतील ओलावा मोजणारी साधने हल्ली फार खपतात. त्यांचा अधिकार सल्लागाराचा असावा, खजिनदाराचा नव्हे. ओल पुरेशी असेल तर पाळी रद्द करावयास ती सांगोत. ओल कमी आहे म्हणून मंजुरीबाहेरचे पाणी सोडण्याचा हक्क मात्र त्यांना देऊ नये. कांद्याची मुळे उथळ असतात, म्हणून एक साधन अर्ध्या फुटावर आणि दुसरे सव्वा फुटावर पुरावे. खालच्या साधनाने प्रत्येक पाळीनंतर ओल दाखविली तर पाणी मुळांच्या हाती न लागता खाली निसटते आहे असे समजून पाळी लहान करावी. आपल्या भारी काळ्या जमिनीत एक अडचण विशेष : ती वाळताना भेगाळते, भेग साधनाला लागूनच पडली तर मातीचा स्पर्श सुटतो, आणि ओल मोजणारा टेन्शिओमीटर काहीतरीच बोलू लागतो. तो पुरताना त्याच मातीचा पातळ चिखल करून भोवती ओतावा, आणि त्याचा शब्द हाताने उकरलेल्या मातीशी अधूनमधून पडताळून पाहावा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तळ्याची पट्टी वाचावी आणि तळ्यातील घट मीटरच्या खर्चाशी ताडून पाहावी. दोहोंत फरक पडणारच, कारण बाष्प होऊन गेलेले पाणी मीटरला ठाऊक नसते. डिसेंबरात, तळे भरलेले असताना, हा फरक आठवड्याला २५ हजार लिटरांच्या आसपास असावा. तो ५० हजारांवर गेला तर अस्तर फाटले असेल, किंवा मीटरच्या अलीकडे कोणीतरी पाणी काढीत असेल. उलट, अवकाळी पाऊस झाला तर जमेची नोंद दोन ठिकाणी करावी. १० मिलिमीटर पावसाने तळ्याच्या पृष्ठभागावर ९ हजार लिटर पडतात आणि ३३ गुंठ्यांवर ३३ हजार. यांपैकी शेतावरचे सारेच मुळांना लागत नाही, तरी दोनतीन दिवसांच्या पाळ्या त्याने सहज वाचतात. कंट्रोलरला पर्जन्यमापक जोडता आला तर उत्तमच. नाही तर पाळी हाताने रद्द करावी आणि तेही वहीत लिहावे.

तूट आलीच तर? सर्व दिवसांना सारखी कात्री लावणे हा सोपा, पण पिकाच्या दृष्टीने महाग पडणारा मार्ग होय. कांदा पोसण्याचा काळ, म्हणजे लागवडीनंतरचे साधारण पन्नास ते नव्वद दिवस, शक्य तोवर अबाधित ठेवावा, आणि कपात त्याच्या आधीच्या वाढीच्या काळात व अखेरीस करावी. त्यानेही भागत नसेल तर जमिनीच्या मानाने दुबळा असलेला एखादा तुकडा वेळीच सोडून द्यावा. असा कठोर निर्णय जानेवारीत घेतला तर उरलेले पीक वाचते. मार्चमध्ये घेतला तर काहीच वाचत नाही.

तळे सामाईक असेल किंवा विहीर भावकीत वाटलेली असेल, तर यंत्राचे आकडे भरण्यापूर्वी वाटपाचा करार लेखी व्हावा. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावी पाणी पंचायतीची जी घडी बसविली तीत दरडोई अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे, उसास मनाई आणि भूमिहीनांनाही वाटा, असे नियम होते. हे सारे कोणताही कंट्रोलर नसताना, पाटकऱ्याच्या भरवशावर, पाळले गेले. कालव्यावरील पाणीवापर संस्थांना २००५ च्या कायद्याने घनमापन पद्धतीने पाणी घेण्याची वाट मोकळी झाली, आणि जेथे संस्था मोजून पाणी घेते तेथे सभासदांनाही मोजून देणे ओघानेच येते. प्रत्येक वाटेकऱ्याच्या व्हॉल्व्हला स्वतंत्र मीटर, आणि आकड्यांचा तक्ता पंपघराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा. एवढ्याने तंट्यांचा मोठा भाग मिटतो.

हंगामाच्या अखेरीस कांद्याच्या माना पडू लागल्या की कंट्रोलरची पाळी थांबवावी. पीक अजून हिरवे दिसते म्हणून मोहाने आणखी एक पाणी दिले तर कांदा चाळीत टिकत नाही. मग टोकांची बुचे काढून नळ्या धुवाव्यात, लॅचिंग व्हॉल्व्ह मिटल्याची खात्री करून बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, मीटरचा अखेरचा आकडा आणि तळ्याच्या पट्टीचा आकडा एकाच दिवशी लिहून घ्यावा. राखीव ठेवलेले १ लाख ७० हजार लिटर त्या वेळी शिल्लक असतील तर ते एप्रिलच्या उन्हात उडून जाऊ न देता, बांधावरच्या लिंबांना, डाळिंबाच्या नव्या रोपांना किंवा गोठ्याला कसे पुरवावयाचे, याची तजवीज त्याच आठवड्यात करावी. कारण एप्रिलमध्ये उघडे तळे रोज ५ नव्हे, तर ८ ते १० मिलिमीटर गमावते.